बडवाहच्या शेतात तुरीत गांजा लावलाय, जमीन बाबांच्या नावावर, काय करावं?

राजेंद्रनगर_इंदूर
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. मध्य प्रदेशात निमाडातल्या बडवाहच्या पुढे आमची वडिलोपार्जित जमीन आहे, थोडी बटाईवर दिलेली आणि नाल्याकडच्या अंगाला बाबांनी लावलेलं सागवान. नाल्यापलीकडे जंगल खात्याची हद्द सुरू होते. बाबा ७४ चे, इंदूरहून आता तिकडे जाणं होत नाही, पण खसरा (जमिनीचा उतारा), विहीर, मोटरचं कनेक्शन सगळं त्यांच्याच नावावर. परवा चुलतभाऊ तूर बघायला गेला आणि त्याने फोटो पाठवले. तुरीच्या ओळींमधे मधेच वेगळी झाडं, कंबरेच्या वर गेलेली, पानं पाच-सात फाकांची, कडा दातेरी. शिवाय आमच्या विहिरीवरून एक काळा पाइप सागवानातून थेट नाल्यापलीकडे गेलाय, वर पालापाचोळा टाकून झाकलेला. बटाईदाराला फोन केला तर म्हणाला ताई मला काही माहीत नाही, पोराने कुणाला तरी जागा दिलीय. काका म्हणतात गुपचूप उपटून जाळून टाका, बोभाटा नको. भाऊ म्हणतो थान्यात सांगा. बाबांना अजून बोललेलो नाही, त्यांना बीपी आहे. जमीन त्यांच्या नावावर म्हणून त्यांनाच उचलतील का?

निमाडचा_शेतकरी
ताई आधी एक खात्री करा, अंबाडी तर नाही ना? आपल्या निमाडात बांधाला अंबाडी सर्रास असते आणि तिचं पान लांबून अगदी तसंच दिसतं, फोटोत तर हमखास फसायला होतं. अंबाडीच्या खोडाला बारीक काटे असतात, पान चावलं तर आंबट लागतं, फूल फिकट पिवळं आणि आत गडद लाल. गांजाला असलं फूल येत नाही, फुलोरा आला की उग्र वास सुटतो, बांधावर उभं राहिलं तरी कळतो. पण हे चावून बघायला कुणी जाऊ नका हां, मी नुसतं ओळख सांगतोय. पाइप लपवलाय म्हणताय तर अंबाडीला कोण एवढं करतं, म्हणजे तुमचा संशय खराच असणार.
आणि भावाला म्हणावं पाइपच्या मागे मागे जंगलात अजिबात जाऊ नको. रानडुकरं येऊ नयेत म्हणून लोक रात्री जिवंत करंटची तार जमिनीलगत ओढून ठेवतात, त्यात माणसं गेलीत, बिबटे गेलेत. ज्याने चोरून पीक लावलंय त्याला कोण आलं कोण गेलं बघायला माणूस बसवावाच लागतो, आणि तो माणूस घाबरलेला असतो. घाबरलेल्या माणसाचा भरवसा नाही.

सुदामानगर७८
काकांचं बरोबर आहे. उपटा, जाळा, बटाईदाराला काढा, विषय संपला. पोलिसांच्या फेऱ्यात पडलं की मधमाशांच्या मोहोळात हात घातल्यासारखं आहे.

जिल्हा_कोर्ट_वकील
सुदामानगरवाले दादा, राग मानू नका पण हा सल्ला ताईंच्या बाबांना आत घालवेल.
एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याचं कलम ४६ वाचा. आपल्या जमिनीत बेकायदेशीर गांजा उभा आहे हे कळलं की जमीनधारकाने ताबडतोब पोलिसांना किंवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचंच आहे, माहीत असून कळवलं नाही तर तोच गुन्हा. फोटो तुमच्या फोनवर आलेत, बटाईदाराशी फोनवर बोलणं झालंय, म्हणजे उद्या "आम्हाला माहीत नव्हतं" हे म्हणायची सोय उरलेली नाही. आणि उपटून ट्रॉलीत भरलं की तो माल तुमच्या ताब्यात आला, मग कलम ५४ खाली तो कुठून आला याचं समाधानकारक उत्तर तुम्हाला द्यायचं. रस्त्यात कुणी अडवलं तर काय सांगणार, जाळायला नेत होतो?
लागवडीची शिक्षा कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. चार झाडं लावली तरी ती लागवडच. तोडलेल्या मालाचं वेगळं आहे, तिथे १ किलोपर्यंत अल्प मात्रा, २० किलोच्या वर व्यापारी मात्रा आणि मग १० ते २० वर्षं, जामीन मिळणं महाकठीण. पंचनाम्यात बरेचदा झाड मुळापासून, ओलं, मातीसकट तोलतात, कायद्यात मात्र गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, त्यावर कोर्टात वाद होतात, पण तो वाद होईपर्यंत माणूस आतच असतो.
जागा जाणूनबुजून वापरू दिली तर मालकालाही तीच शिक्षा, कलम २५. यातला "जाणूनबुजून" हा शब्दच तुमच्या बाबांना वाचवतो, म्हणून तुम्ही आधी सांगणं महत्त्वाचं. लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या, सोबत खसऱ्याची नक्कल आणि बटाईचा कागद. कागद आहे ना? आपल्याकडे भूमिस्वामी (जमीनमालक) आणि बटाईदार यांच्या हितरक्षणाचा २०१६ चा कायदा आहे, त्याप्रमाणे लेखी करार करून तहसीलमध्ये दिलेला असेल तर बाबा स्वतः कसत नव्हते हे लगेच दिसतं.

लष्करकर_ग्वाल्हेर
वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी जंगलाचं सांगतो. वनखात्यात नोकरी केली, आता निवृत्त. नाल्यापलीकडे पाइप गेलाय म्हणजे तिथे राखीव जंगल साफ करून लावलंय, त्याचा भारतीय वन कायदा १९२७ खाली वेगळा गुन्हा लागतो. तेव्हा अर्जाची एक प्रत वनखात्याच्या रेंज ऑफिसलाही द्या.
लोकांना वाटतं झाडच आहे, जंगलात उगवलं तर काय बिघडलं. बिघडतं खूप. असल्या लागवडीला लहान झाडं, झुडपं साफ करतात म्हणजे ऊन पोचतं, वरची मोठी झाडं ठेवतात म्हणजे दिसत नाही. नाल्याचं पाणी अडवून वळवतात, जे पाणी उन्हाळ्यात चितळ-नीलगायींना लागतं. कॅलिफोर्नियाच्या जंगलांत तर लावणारे उंदीर मारायचं विष सर्रास टाकतात. तिथे फिशर म्हणून मुंगसापेक्षा मोठा, झाडांवर चढणारा एक प्राणी आहे, २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात तपासलेल्या ५८ मेलेल्या फिशरांपैकी ४६ जणांच्या अंगात उंदराचं विष निघालं. माणूस निघून जातो, विष झऱ्यात राहतं. आपल्या नाल्याचं पाणी शेवटी नर्मदेला जातं, हे विसरू नका.
आणि यात पकडला कोण जातो? आंध्र पोलिसांनी २०२१ मध्ये ऑपरेशन परिवर्तन काढलं, विशाखापट्टणमच्या आदिवासी डोंगरांत साडेसात हजार एकरांच्या आसपास गांजा उपटला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अनकापल्लीकडे जवळजवळ २ लाख किलो जाळला. ते पीक ज्यांच्या जमिनीवर होतं ते लोक गरीब, बी आणि उचल व्यापारी देणार, तो शहरात बसणार, पिकाजवळ कधी येणारच नाही. आपल्या सातपुड्यातही हीच रीत, वनहक्काच्या पट्ट्यावर दोन पैसे जास्त मिळतील म्हणून माणूस हो म्हणतो आणि पट्टा, बैल, पोरांची शाळा सगळं जातं. मला याचा फार त्रास होतो.
थान्यात जायची भीती वाटत असेल तर १९३३ हा मानस या अंमली पदार्थांविरोधी सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, नाव न सांगता कळवता येतं. पण ताई तुमच्या बाबतीत निनावी नको, नाव घालूनच लेखी द्या. कोटवार (गावचा चौकीदार) आणि सरपंचावरही कलम ४७ प्रमाणे कळवायची जबाबदारी आहे, त्यांना सोबत घ्या.

राजेंद्रनगर_इंदूर
सगळ्यांचे खूप आभार. बाबांना आज सांगितलं, ते शांत होते, म्हणाले अर्जावर सही माझीच हवी. करार आहे, तहसीलचा शिक्कापण आहे, देवाची कृपा. भाऊ आणि एक वकील घेऊन सकाळी निघतोय. मला आता वाईट वाटतंय ते बटाईदाराचं. त्याचे वडीलपण आमच्याकडेच होते, मुलगा १९ चा आहे, त्याला कुणीतरी मोबाइल आणि थोडे पैसे दिले असणार. आमच्या अर्जामुळे तोच अडकेल ना?

जिल्हा_कोर्ट_वकील
अडकू शकतो, खोटं सांगत नाही. पण अर्जात तुम्हाला दिसलं तेवढंच लिहा, कुणी लावलं ते स्वतः ठरवू नका. बटाईदार फोनवर जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा. पाइप, मोटर, झाडं कशालाही हात न लावता फोटो जसेच्या तसे ठेवा. पोराला आजच सांगा की पळू नको, पळाला की व्यापाऱ्याचं नाव घ्यायला कुणी उरत नाही. त्याने स्वतः वकिलाबरोबर जाऊन जागा कुणी मागितली, पैसे कुणी दिले ते सांगितलं तर तपास वर सरकायची शक्यता तरी असते. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, १५१०० वर फोन करायला सांगा. आदिवासी असेल किंवा कोठडीत असेल तर तो त्याचा हक्कच आहे, उत्पन्नाचा दाखलासुद्धा मागत नाहीत.