'हायर रेशो' म्हणजे वरचा गियर की खालचा?

पानोपानी: ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय, त्यात 'हायर गियर रेशो' आलंय. मी 'उच्च गुणोत्तर' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'वरचा गियर' केलं. पण पहिल्या गियरचा रेशो समजा ४ आणि चौथ्याचा १, मग आकड्याने मोठा पहिलाच ना? अर्थ पार उलटा होतोय. नांगर लावून कुणी वरच्या गियरला टाकला तर इंजिन बंदच पडेल. काय लिहू?

घाटवाट: रेशो शब्दच टाळा, 'चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे' असं लिहा. माझ्या जुन्या जीपला २७ इंची टायर होते, ३० इंची टाकले, गियरबॉक्सला हात लावला नव्हता तरी खंबाटकीला तिसऱ्यात चढणारी गाडी दुसरा मागायला लागली. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे क्राऊनला ३७ दाते, त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनला ९, म्हणजे ४.११, आणि टॉप गियर एकास एक. ताशी ८० ला इंजिन आधी मिनिटाला साधारण २५४० फेरे घ्यायचं ते २२९० वर आलं, सपाटीला बरं वाटतं पण चढाला ओढच नाही, आणि काटा ८० दाखवायचा तेव्हा गाडी खरी ८९ च्या आसपास पळत असायची. शेवटी ४१ आणि ९ दात्यांचा सेट टाकला, ४.५६, तेव्हा कुठे पूर्वीसारखी झाली. आमचे मिस्त्री याला 'गाडी हलकी केली' म्हणाले.

शुद्धाक्षर: 'फेरे' बोलण्यात ठीक, छापताना 'आवर्तने' हवं. गियरलाही दंतचक्र आहेच की, का वापरत नाही आपण?

ऊसकरी: आवर्तन म्हटलं की आमच्याकडे कालव्याचं पाणी. पुस्तिका वाचणार शेतकरी, त्याला 'दर मिनिटाला २००० आवर्तने' म्हणजे काय कळणार? रोटाव्हेटरला पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट, ५४० फेऱ्यांवर ठेव म्हटलं की लगेच कळतं. वटपौर्णिमेला वडाला घालतात तेही फेरेच, त्यात कमीपणा काय आहे?

शुद्धाक्षर: कमीपणा नाही म्हणत मी. त्रितालाच्या सोळा मात्रा झाल्या की पुन्हा समेवर येतो ते आवर्तन, फिरून मूळ जागी येणं. इंजिनातला फिरणारा क्रँकशाफ्ट तेच करतो. इतका नेमका शब्द असताना सोडायचा कशाला?

दातेरी: ते 'हलकी' राहिलंच. गियरवाल्या सायकलवर आम्ही हलका गियर, जड गियर असंच म्हणतो, पायाला जाणवतं तसं. पुढे ४४ मागे १८ असेल तर पायडलच्या एका फेऱ्याला चाक जवळजवळ अडीच फेरे फिरतं, मागे २८ लावलं की दीडच्या थोडं वर, तो हलका. मला तर हलका-जड हाच जोड आवडतो, वरचा-खालचा यात गियरच्या दांड्याची जागा कळते, जोर कळत नाही.

पानोपानी: पण 'हलका गियर' वाचून वजनाला हलका समजले तर?

ऊसकरी: नाही समजणार. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला विचारा.

शुद्धाक्षर: आणि 'चाक' तरी कुठून आला? चक्रातूनच. दंतचक्र मग परकं कसं झालं?

घाटवाट: परकं नाही हो, पण गॅरेजात जाऊन दंतचक्र मागून बघा एकदा. दाते म्हणा, मिस्त्री बरोबर क्राऊनच काढून देईल.