135 मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट डोलीत आलं तर करायचं काय?

डोलकर_पालघर:
आमची डोलीची बोट. डोल म्हणजे समुद्रात एका जागी बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं. नोव्हेंबर 2023 च्या राज्य सरकारच्या अधिसूचनेने 54 जातींचे मासे पकडायचे किमान आकार ठरले. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, सुरमई 370. नियम मला मान्य आहे. पण डोल भरती-ओहोटीच्या ओढीवर उभी असते, पाणी आणेल ते आत. वर ओढेपर्यंत पापलेटची पिल्लं मेलेली असतात. मेलेली परत टाकून कुणाचं भलं होणार? ठेवली तर गुन्हा. जाणकारांनी सांगा, तुम्ही काय करता?

दर्यावर्दी:
जिवंत असतील ती लगेच सोडतो. बाकीची फिशमीलवाले (माशाची भुकटी करणारे) नेतात, हेही खरं आहे.

जुना_तांडेल:
फिशमीलला नेतात म्हणूनच ती आणली जातात, दादा. ज्याला गिऱ्हाईक आहे ते कोण टाकेल?

डोलकरा, मोजपट्टी बोटीवर काढली तेव्हा उशीर झालेला असतो. काम जाळ्याच्या आसातच, म्हणजे भोकातच, व्हायला हवं. ट्रॉलला (बोटीमागे ओढायच्या जाळ्याला) शेवटच्या पिशवीत 40 मिलिमीटरचा चौकोनी आस सांगतात तो याचसाठी. शंकरपाळी आस ताण पडला की मिटतो, मग पिल्लाला वाट उरत नाही. चौकोनी उघडा राहतो. डोलीचं अवघड आहे. जवळ्याला बारीक आस लागतो आणि त्याच आसात पापलेटचं पिल्लू अडकतं. म्हणून मी खोले, म्हणजे डोलीच्या शेवटच्या पिशव्या, दोन ठेवायचो, जवळ्याचा वेगळा, बोंबलाचा मोठ्या आसाचा. शिवाय एका जागी पिल्लं चढू लागली की डोल उचलायची. एक ओहोटी बुडते, बुडू दे.

1 जून ते 31 जुलै आपण बोटी बंदरात ठेवतो, माशाला विणीची सवड मिळावी म्हणून. त्याच विणीची पिल्लं नंतर आपण उचलली, तर ते दोन महिने पाण्यात गेले. मला याचा फार त्रास होतो. पापलेट आपला राज्यमासा ठरला 2023 मध्ये, त्याचं पिल्लू असं टोपलीत बघवत नाही.

मत्स्य_अभ्यासक:
युरोपीय संघात नियम उलटा आहे. तिथे ज्या जातींना कोटा (किती वजन पकडायचं याची मर्यादा) आहे, त्यांचं लहान मासं समुद्रात फेकता येत नाही. बंदरात आणायचं, ते कोट्यातून वजा होतं, आणि थेट माणसाच्या खाण्यासाठी विकता येत नाही. काही अपवाद सोडले तर 2019 पासून हे पूर्ण लागू आहे. विचार असा की लहान मासं आणण्यात फायदाच उरला नाही, तर बोटवाला आपणहून जाळं बदलेल. आपल्याकडे जातीनिहाय वजनाचा कोटा नाही, त्यामुळे ते जसंच्या तसं बसणार नाही. पण ‘विकता येत नाही’ एवढं उचललं आणि ते फिशमीललाही लावलं, तर ती वाट बंद होईल.

डोलकर_पालघर:
काका, दोन खोल्यांचं पटलं. बोंबलाचा शिवायला टाकतो. जागा बदलायचं मात्र सगळ्यांनी ठरवलं तरच जमेल. मी डोल उचलली की त्याच जागी दुसरा लावतो. सोसायटीच्या बैठकीत हे मांडतोय.

जुना_तांडेल:
मांड. बाजूच्या बंदरातल्यांनाही बोलव, ओढ त्यांचीही तीच आहे.