मदत हवी आहे: दुसरे अक्षर 'शृं' असलेला चार अक्षरी शब्द

नमस्कार मंडळी. इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवासाठी मी नाशिकवर शब्दकोडे करते आहे. गोदावरी आडवा आणि अंजनेरी उभा, दोन्ही 'री'वर छान जुळले. घोडे अडले आहे ते सप्तशृंगीवर. चौकटी चारच (स, प्त, शृं, गी), पण 'शृं'मधून जाणारा उभा शब्द मिळत नाही. चार अक्षरी हवा, 'शृं' दुसऱ्या जागी, बाकी अक्षरे कोणतीही चालतील. शृंगार, शृंखला यांत ते पहिलेच येते.

शब्दकोश इथे उपयोगी पडत नाही. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश ऑनलाइन आहे, पण कोश लावलेला असतो पहिल्या अक्षरावर. म्हणून शब्दांची यादी एक्सेलमध्ये घेऊन गाळून पाहिली. तिथे वेगळीच अडचण! संगणक काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सगळे सुटे मोजतो. त्याच्या हिशेबाने 'नाशिक' पाच अक्षरी आणि 'सप्तशृंगी' चक्क नऊ. आपल्या कोड्यात जोडाक्षर मात्रा-अनुस्वारासकट एकाच चौकटीत बसते, आणि ते तसेच बसायला हवे.

जोडाक्षर एक धरून मोजणारे सूत्र किंवा छोटा प्रोग्राम कुणाकडे आहे का? अमुक जागी अमुक अक्षर, एवढे शोधता आले तरी पुष्कळ. शब्द सुचला तर आधी तोच कळवा. फक्त विभक्ती लागलेले रूप नको, सोडवणाऱ्या आज्यांना ते मुळीच पटत नाही.