विषय : काकांची तब्येत

प्रेषक : मंडळ सचिव

नमस्कार मंडळी,

आपल्या फुटबॉल क्लबचे इतिहासकार आणि मंडळातल्या आपणा सगळ्यांचे काका यांची बायपास शस्त्रक्रिया गेल्या आठवड्यात झाली. व्यवस्थित पार पडली. आता ते साध्या वॉर्डात आहेत, बोलतात, आधार घेऊन थोडं चालतात. काकूंना विचारूनच हे कळवतोय.

घरी फोन मात्र करू नका. काकूंना दिवसभर तेच तेच सांगावं लागतंय. ज्यांना काही लिहायचंय त्यांनी याच मेलला उत्तर द्या. त्यांची मुलगी संध्याकाळी सगळं वाचून दाखवणार आहे.

प्रेषक : युवा शाखा

काका, लवकर बरे व्हा!

मी इथे शिकायला आलो तेव्हा मला क्रिकेटशिवाय काही कळत नव्हतं. तुम्ही म्हणालात, चल, तुझ्या ओव्हलवरूनच सुरुवात करू. १६ मार्च १८७२, इंग्लंडच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेचा पहिलाच अंतिम सामना, तोही लंडनच्या केनिंग्टन ओव्हल या क्रिकेटच्या मैदानावर. वाँडरर्सनी रॉयल इंजिनियर्सना १-० असं हरवलं आणि तो एकुलता एक गोल ज्याच्या नावावर लागला तो खेळाडू होता ‘ए. एच. चेकर’. असा माणूसच नव्हता! तो होता मॉर्टन बेट्स, हॅरो चेकर्स या संघाशी त्याचा संबंध, म्हणून हे टोपणनाव. नोंदवहीत लिहिलेलं नाव आणि मैदानावर धावलेला माणूस या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे मला त्या दिवशी समजलं. तेव्हापासून संघाची जुनी यादी दिसली की मी आधी विचारतो, हे कोणी लिहिलं आणि कशावरून.

तुम्ही दिलेला तो क्रमांक नसलेल्या शर्टांचा फोटो माझ्याकडेच आहे. इंग्लंडच्या लीगमध्ये शर्टांवर क्रमांक पहिल्यांदा दिसले १९२८ मध्ये, म्हणून फोटो त्याआधीचा असणार, एवढ्यावर मी थांबलो होतो. पण तुम्ही म्हणालात तेच खरं. क्रमांक सक्तीचे झाले १९३९ मध्ये, त्यामुळे नुसत्या पाठीवरून साल ठरत नाही. आता त्या आठवड्यांची वर्तमानपत्रं काढून बघतोय.

प्रेषक : मंडळातली डॉक्टर

काका, प्रेमाने पण ठामपणे सांगते. बायपासमध्ये छातीचं हाड मधोमध उघडतात. ते जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर जड उचलणं, ढकलणं, ओढणं पूर्ण बंद. सामना-पत्रिकांची खोकी आणि वर्तमानपत्रांचे बांधीव खंडही त्यातच आले. तुम्ही खुर्चीत बसून सांगायचं, खाली काढणारे हात आम्ही पुरवू. खोकताना छातीशी उशी घट्ट धरा. थोडं थोडं चालणं मात्र रोज हवं. आणि उगीच उदास वाटलं, रडू आलं तर घाबरू नका. या शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच जणांना तसं होतं आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. फार दिवस राहिलं तर तिथल्या डॉक्टरांना सांगा, मनात ठेवू नका.

प्रेषक : एक जुना मित्र

अरे मित्रा,

शनिवारी आपल्या स्टँडमधल्या पोरांनी तुझ्यासाठी मिनिटभर टाळ्या वाजवायचं ठरवलं होतं. मीच नको म्हटलं. ती टाळी आपण गेलेल्यांसाठी वाजवतो. तुझ्यासाठी त्याऐवजी फलक लावला, ‘लवकर या, यादी अपुरी आहे’ असा. समोरच्या संघाचे पाठीराखेही उभे राहिले. त्यांच्या क्लबची जुनी आकडेवारी तू किती वेळा दुरुस्त करून दिली आहेस ते ते विसरलेले नाहीत.

आता तुझ्या १९३९ बद्दल. तो हंगाम सुरू झाला आणि जेमतेम तीन फेऱ्या होतात न होतात तोच युद्ध पेटलं. लीग थांबली, झालेले निकाल अधिकृत नोंदीतून काढून टाकले. म्हणजे ज्याचं लीगमधलं सगळं खेळणं त्या दोन-तीन सामन्यांत झालं, त्याच्या नावापुढे आज शून्य दिसतं. तू त्या पोरांसाठी वेगळी वही केलीस. लोक म्हणाले, मोजलेच जात नाहीत तर कशाला? तू म्हणालास, शर्ट घातला होता ना, घाम गाळला होता ना, मग त्याच्या नातवाला ते कळलं पाहिजे. मला इतिहासकाराचं काम त्या वहीत दिसतं. करंडक कुणीही मोजेल.

ती वही मी तुझ्या घरून आणलीय, काकूंच्या परवानगीने. एक पानही इकडचं तिकडे करणार नाही. तू परत येऊन पुढचं नाव लिही.

प्रेषक : ग्रंथालय समिती

काका, आमच्या मुलीला शाळेत कोणीतरी म्हणालं, फुटबॉल तुमचा खेळ नाही. तुम्ही तिला शेजारी बसवून दोन माणसांबद्दल सांगितलंत. एक, १८६५ मध्ये आजच्या घानात जन्मलेला गोलरक्षक आर्थर व्हार्टन, पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू मानला जाणारा. तो १९३० मध्ये वारला तेव्हा त्याच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसला १९९७ मध्ये, लोकांनी त्याची आठवण पुन्हा जागवली म्हणून. दुसरा कोलकात्याचा मोहम्मद सलीम. १९३६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबच्या संघातून तो बूट न घालता, पायांना पट्ट्या बांधून खेळला होता. तिने वर्गात या दोघांवर भाषण केलं. तिचं पत्र सोबत जोडलंय, अक्षर तिचंच.

प्रेषक : काकांची मुलगी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. छोटीचं पत्र त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि ते उशाशी ठेवलंय. फलकाचा फोटो कोणी काढला असेल तर पाठवा, आणि मागे तारीख नक्की लिहा, असा त्यांचा निरोप आहे. डॉक्टरताईंची उशीची सूचना ते पाळतायत, खोक्यांबद्दल अजून वाटाघाटी सुरू आहेत.

एक विनंती. त्यांना नुसतं ‘काळजी घ्या’ म्हणण्यापेक्षा एखादा प्रश्न पाठवा. उत्तर सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. फक्त ते लवकर थकतात, म्हणून रोज एकच.

प्रेषक : मंडळ सचिव

ठीक. प्रश्न माझ्याकडे पाठवा, मी क्रम लावून देतो. उद्याचा युवा शाखेचा, त्या फोटोबद्दल. खोकी उचलायला कोण कोण येणार तेही कळवा. काका घरी येण्याआधी ती कमरेच्या उंचीवरच्या फळीवर लावून ठेवू.