क्षार म्हणजे बेस की सॉल्ट? बारावीच्या वर्गातून आलेला प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यात बारावीला केमिस्ट्री शिकवतो. पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, पण वर्गातली निम्मी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. त्यामुळे शिकवताना जीभ आपोआप मराठीकडे वळते. गेल्या आठवड्यात आयनिक इक्विलिब्रिया चालू होतं. फळ्यावर 'सॉल्ट ऑफ स्ट्राँग बेस अँड वीक ॲसिड' लिहिलं आणि म्हणालो, "तीव्र आम्लारी आणि सौम्य आम्ल यांच्यापासून झालेला क्षार."

रावेरकडची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, क्षार म्हणजे तर बेस ना? मग बेसपासून परत बेसच कसा तयार होईल?"

तिची वही मागून घेतली. प्रत्येक 'बेस'समोर तिनं पेन्सिलीनं 'क्षार' लिहिलं होतं आणि 'सॉल्ट'समोर 'लवण'. मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर त्यांच्या गावापासून जवळ, घरी हिंदी चालतं, अभ्यास हिंदी व्हिडिओंवर. हिंदीत सॉल्ट म्हणजे लवण, बेस म्हणजे क्षारक आणि पाण्यात विरघळणारा बेस म्हणजे क्षार. सोडियम-पोटॅशियमच्या गटाला हिंदीत 'क्षार धातु' म्हणतात, आपल्याकडे 'अल्क धातू'. आपल्या नववीच्या विज्ञानात त्रिकूट आहे ते आम्ल, आम्लारी आणि क्षार, आणि त्यातला क्षार म्हणजे सॉल्ट. लिपी एक, अक्षरं तीच आणि अर्थ थेट समोरच्या बाजूचा. मुलीचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी, दोन वर्षं हा शब्द वापरतोय आणि एकदाही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून हा शब्द डोक्यातून जात नाही.

जुना अर्थ पाहिला तर हिंदीची बाजू भक्कम आहे. सुश्रुतसंहितेत 'क्षारपाकविधी' नावाचा अख्खा अध्याय आहे. वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवायची, गाळायची, आटवायची. मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे त्याचे प्रकार, आणि क्षारानं भाजलं तर त्यावर आंबट लावायचं. हे सरळ आम्लारी आणि उदासिनीकरण. अरबीतून आलेल्या 'अल्कली'चं मूळही राखेतच आहे. म्हणजे राखेतून निघतो तो क्षार.

पण मराठीच्या जिभेवर 'खार'चा दुसरा अर्थही तितकाच मुरलेला आहे. खारट, खारे दाणे, मासे खारवणं, लोणच्याचा खार, विहिरीचं खारं पाणी. आमच्याकडे अहिराणीत सहज म्हणतात, 'पानी खारं शे'. यात राख कुठेच नाही, सगळीकडे मीठ आहे. तेव्हा पाठ्यपुस्तकातला क्षार म्हणजे सॉल्ट हा अर्थ काही आकाशातून पडलेला नाही, घराघरात होता.

आणि मग पापडखार. उन्हाळ्यात खान्देशात पापड करायला घेतले की हा लागतोच. मुख्यतः सोडियमचं कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. आता याला काय म्हणायचं? रसायनशास्त्राच्या हिशेबानं हे सॉल्ट, म्हणजे मराठी क्षार. पण चिमूटभर पाण्यात घालून त्यात हळद टाकली तर हळद लाल होते, म्हणजे द्रावण आम्लारीधर्मी, हिंदीच्या बाजूचा क्षार. एकाच पुडीत दोन्ही अर्थ! कारण तेच, जे मी त्या दिवशी फळ्यावर शिकवत होतो. कार्बोनेट आयन सौम्य आम्लाचा. तो पाण्याच्या रेणूकडून हायड्रोजन आयन ओढून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड आयन उरतो. यालाच हायड्रोलिसिस, मराठीत जलापघटन म्हणतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात घरची हळद आणि पापडखार घेऊन गेलो. काचेच्या ग्लासात रंग फिरला तशी ती मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, सॉल्ट आहे पण वागतंय बेससारखं." यापेक्षा चांगली व्याख्या मला देता आली नसती.

जाणकारांना विचारायचंय: बारावीला शिकवताना 'क्षार' ठेवावा, की सरळ 'सॉल्ट' म्हणावं?

धुळ्याहून एका शेतकरी वाचकाचा प्रतिसाद

सर, क्षार सोडू नका. आमच्या कामात तो रोज लागतो आणि तुमच्याच अर्थानं लागतो. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचतात, ड्रीपरची तोंडं बंद होतात, मग ॲसिड ट्रीटमेंट करावी लागते. बादलीत आधी पाणी, मग त्यात हळूहळू हायड्रोक्लोरिक ॲसिड, कधीही उलटं नाही. पांढरा थर असलेला ड्रीपर त्यात टाकला की बारीक फेस येतो. तो थर बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचा. जमीन 'क्षारपड' झाली म्हणतो तेव्हाही विरघळलेले सॉल्टच मनात असतात. बेससाठी शेतीच्या पत्रकांत वेगळाच शब्द आहे, 'विम्ल'. माती परीक्षणाच्या कागदावर 'आम्ल-विम्ल निर्देशांक', थोडक्यात 'सामू'. माझ्या मुलाला बारावीत असूनही 'पीएच म्हणजेच सामू' हे माझ्याकडून कळलं. आपली काळी जमीन बहुतेक सातच्या वरच, म्हणजे विम्ल बाजूलाच असते, हे त्याला घरात बसून माहीत होतं, फक्त सामू या नावानं.

माझं उत्तर

'सामू' आठवून दिल्याबद्दल मनापासून आभार. हा शब्द शेतीत जिवंत आहे आणि माझ्या वर्गात मी तो कधी उच्चारलाच नाही, याची खंत वाटते. 1909 मध्ये कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी मांडलेली ही मोजपट्टी मुलांना लॉगरिदमची भीती वाटते म्हणून अवघड जाते. 'बाबांच्या माती परीक्षणाच्या कागदावरचा सामू' म्हटलं तर निम्मी भीती तिथेच जाईल. 'विम्ल' मात्र मी वर्गात आणणार नाही. 'आम्लारी' म्हणजे आम्लाचा अरी, आम्लाचा शत्रू. फोड केली की मुलांना उदासिनीकरणही त्यातच सापडतं.

तुमच्या ठिबकवरून अजून एक सुचलं. आपल्या जुन्या नावांत जिथे 'खार' आहे तिथे बघा: पापडखार, सज्जीखार, जवखार, टाकणखार. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, सराफ डाग देताना, म्हणजे दागिन्याचा सांधा जोडताना, वापरतात तो. हे सगळे सॉल्टच आहेत आणि सगळ्यांचं द्रावण आम्लारीधर्मी. उलट नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणि मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, यांचं द्रावण आम्लधर्मी, आणि त्यांच्या नावात खार नाही. पिकांवर बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचुदाला चुन्याची जोड द्यावी लागते ती याचसाठी. चुना कमी पडला तर मिश्रणात बुडवलेल्या लोखंडी विळ्यावर तांब्याचा तांबूस थर चढतो, ते आमच्या इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या धड्यातलं. मिठाचं द्रावण उदासीन, आणि त्याच्याही नावात खार नाही, फक्त चवीत आहे. नावं ठेवणाऱ्यांनी हळद टाकूनच ठेवली असं मी म्हणणार नाही, पण हायड्रोलिसिसच्या धड्यातले सॉल्टच्या द्रावणाचे तीन प्रकार, आम्लारीधर्मी, आम्लधर्मी आणि उदासीन, या नावांवर शिकवता येतात.

तर असं ठरवलंय. 'क्षार' राहील. पहिल्याच तासाला फळ्यावर तीन शब्द हिंदी-मराठी-इंग्रजी शेजारी शेजारी लिहायचे आणि रावेर-मुक्ताईनगरकडच्या मुलांना ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यायला लावायचे. त्या मुलीनं पेन्सिलीनं लिहिलेलं मी खोडायला सांगितलं नाही. 'क्षार'च्या पुढे कंसात 'हिंदी' एवढंच तिनं स्वतः लिहिलं.