संगीतकार हँडेलचा 'रिनाल्दो' हा ऑपेरा आज करायचा तर पैसा रंगमंचाच्या यंत्रांवर घालावा का?

शुद्धस्वर: २४ फेब्रुवारी १७११ला लंडनच्या हेमार्केटमधल्या क्वीन्स थिएटरात हा ऑपेरा आला, तेव्हा आग ओकणारे ड्रॅगन होते आणि बागेच्या प्रवेशात खऱ्या चिमण्या सोडल्या होत्या. या चिमण्या भलत्याच प्रवेशात घुसतील, असं निबंधकार ॲडिसनने तेव्हाच 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात लिहिलं; त्या मेणबत्त्या विझवतात, असं त्याचा सहकारी स्टीलने तिथेच लिहिलं. माझं मत ठाम आहे: यंत्रं नकोत. किलबिल हँडेलने संगीतातच घातली आहे, नायिका अल्मिरेनाच्या गाण्यात तीन रेकॉर्डर (बासरीसारखी वाद्यं) आहेत. तिसऱ्या अंकातल्या सैन्याच्या कूचच्या संगीताला चार ट्रंपेट लागतात. त्यातले दोन कापून ड्रॅगन उभारणं हा हँडेलवर अन्याय आहे.

रहाटकप्पी: ड्रॅगन सोडा. पण विंगा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रंगवलेल्या उभ्या चौकटी, बदलण्याचं यंत्र ही चैन नव्हे. तेव्हा प्रवेशांमध्ये पडदा पडत नसे. गायक आरिया (एकट्याचं गाणं) संपवून आत जाई आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत शहराच्या तटाच्या जागी बाग दिसू लागे. रंगमंचाच्या फळ्यांमध्ये आडव्या खाचा, विंगेच्या प्रत्येक जागेखाली तळघरात दोन गाडे, विंग धरणारे त्यांचे खांब खाचांतून वर, सगळे दोर एकाच रहाटाला. रहाट फिरला की एक गाडा आत जातो, दुसरा बाहेर येतो. स्वीडनमध्ये द्रोटनिंगहोमच्या १७६६च्या थिएटरात हे लाकडी यंत्र आजही हातांनी चालतं, दृश्य काही सेकंदांत पालटतं. पडदा टाकून दोन मिनिटं ठोकाठोक केलीत, तर आधीच्या आरियाची धग निघून जाते.

शुद्धस्वर: भाड्याच्या थिएटरात फळी कोण कापू देणार? विंगांच्या सहा जोड्या म्हणजे १२ जागा, २४ गाडे. शिवाय नैसर्गिक धाग्याचा दोर दमट हवेत आखडतो, मग एका बाजूची विंग मागे राहते. गाडा जरा तिरका झाला की खांब खाचेत अडकलाच.

खोबणी: दोघेही युरोपातल्या यंत्राबद्दल बोलताय. इंग्लंडमध्ये सर्रास खोबण्या असत: जमिनीवर लाकडी पट्ट्या, वर तशाच पट्ट्या, मधून विंग हाताने सरकवायची. तळघर नको, रहाट नको. चार जोड्या पुरेत, म्हणजे आठ जागा आणि प्रत्येक जागेला दोन खोबण्या. वरची खोबणी खालचीच्या बरोबर ओळंब्यात हवी, नाहीतर विंग अर्ध्यावर रुतते. लाकूड फुगतं म्हणून थोडी ढिलाई ठेवा, पट्ट्यांना मेण चोळा.

रहाटकप्पी: पण आठ माणसं आठ वेळांना ढकलणार! एका रहाटाने येणारा एकसंधपणा त्यात येत नाही.

खोबणी: इशारा वाद्यवृंदाच्या तुकड्यावर बांधा आणि तालमीत ढकलणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून बसवा. खरी अडचण खडखडाटाची आहे. गायक आत जाताच विंगा हलवा; पुढचं संवादगान (बोलल्यासारखं गायलेले संवाद) सुरू झाल्यावर हलवल्यात, तर साथीचं हार्प्सिकॉर्ड हे पट्ट्यांचं तंतुवाद्य ऐकूच येणार नाही.

शुद्धस्वर: एवढ्या खर्चाला माझी हरकत नाही. ट्रंपेट मात्र चारच.