किशोरांच्या हातात विनोदी कादंबरी: टिपांसकट की टिपांविना?

शालेय ग्रंथपाल

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी वाचनपेटी भरायची वेळ आली की विनोदी पुस्तकांपाशी गाडी अडते. चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ किंवा इंग्रजी लेखिका सू टाउनसेंडच्या रोजनिशीवजा कादंबरीतला एड्रियन मोल द्यायचा असेल तर आधी संदर्भ समजावून सांगा, नाहीतर मुलं चार पानांत पुस्तक मिटतात, असं बरेच शिक्षक म्हणतात. माझं मत बरोबर उलट आहे. टिपा देऊ नयेत. पुस्तकांचा क्रम नीट लावावा, तेवढ्याने काम होतं.

कारण या वयाच्या चांगल्या विनोदी पुस्तकांत हसू येतं ते निवेदकाला जे कळत नाही ते वाचकाला कळतं म्हणून. एड्रियनची रोजनिशी जानेवारी 1981 मध्ये सुरू होते, तेव्हा तो पावणेचौदा वर्षांचा आहे. स्वतःला विचारवंत समजतो. शेजारचे मिस्टर लुकस स्वयंपाकघरात आईबरोबर कॉफी घेत हसत असतात आणि हा आत आला की दोघं हसायचे थांबतात, एवढं तो नोंदवतो आणि आपल्या मुरुमांकडे वळतो. काय चाललंय हे त्याला कळायला पुढे बराच काळ लागतो. नववीतल्या वाचकाला ते त्या पानावरच कळतं, आणि लेखिकेने सांगितलेलं नसताना कळतं. हा आनंद टिपेने हिरावला जातो. समासात कुणी ‘आईचे शेजाऱ्याशी प्रेमसंबंध आहेत’ असं लिहून ठेवलं तर वाचकाने करायचं काम उरतच नाही.

म्हणून माझा क्रम असा. सहावी-सातवीत ‘बोक्या सातबंडे’. आठवीत चिमणरावाच्या दोन-तीन गोष्टी. नववीत, इंग्रजी झेपत असेल तर, ऑर्वेलचं ‘अ‍ॅनिमल फार्म’ आणि लगेच त्याच्यामागून एड्रियन मोल. ‘अ‍ॅनिमल फार्म’ शंभराच्या आसपास पानांचं आहे, दोन आठवड्यांत होतं. शेतावरची जनावरं माणसाला हाकलतात आणि मग डुकरंच मालक होऊन बसतात, असं ते रूपक. एड्रियन ते वाचतो, पुस्तक अतिशय प्रतीकात्मक आहे असं मोठ्या जाणकारीने लिहितो, आणि लगेच सगळ्या खऱ्याखुऱ्या डुकरांवर राग काढून डुकराच्या मांसावर बहिष्कार घालतो. मूळ पुस्तक वाचलेल्या मुलाला इथे कुणी काही सांगावं लागत नाही.

मराठीची शिक्षिका

क्रमाचं म्हणणं पटलं, ‘टिपा देऊ नयेत’ हे मुळीच पटलं नाही. तुमचंच उदाहरण घेऊ. त्या नोंदीत अडचण ऑर्वेलची नाही, जेवणाची आहे. इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या त्या घरात बेकन, सॉसेज हे रोजचं खाणं. त्यावर बहिष्कार म्हणजे पोरगा स्वतःचाच नाश्ता बंद करतोय. आपल्याकडे बहुतेक घरांत डुकराचं मांस शिजतच नाही. इथला मुलगा म्हणेल, नाही खाल्लं तर नाही खाल्लं, यात काय मोठंसं? ‘अ‍ॅनिमल फार्म’ दहा वेळा वाचलं तरी ही फट भरत नाही. ‘तिथे हे रोजच्या न्याहारीला असतं’ हे एक वाक्य मात्र ती भरतं.

आणि चिमणराव? तिथे तर पानापानावर ठेच लागते. जुन्या आवृत्त्यांत ‘घरीं’, ‘त्यांनीं’, ‘कां’ असे अनुस्वार. ते 1962 च्या नियमांनंतर गेले, आजच्या मुलाने ते कधी पाहिलेलेच नाहीत. आणे-पैचा हिशोब 1 एप्रिल 1957 ला संपला. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा हे ठाऊक नसेल तर काटकसरीवरचा सगळा विनोद हवेत जातो. सोवळं, मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम, बिऱ्हाड हे सगळं आधी कळायला हवं. मूल हसत नाही ते विनोद जुना झाला म्हणून नव्हे. वाक्याच्या मधोमध अडखळलं की लय जाते, आणि लय गेली की विनोदही जातो.

अनुवादक

दोघांच्या मधलं सांगते, पण माझा कौल ग्रंथपालांकडे.

‘अ‍ॅनिमल फार्म’च्या त्या नोंदीत आणखी एक पदर आहे. बॉक्सर घोड्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा रडू आलं, असं एड्रियन लिहितो. मूळ पुस्तकात बॉक्सरला नेणारी गाडी खाटकाची असते. डॉक्टरने ती खाटकाकडून विकत घेतली आणि जुनं नाव पुसायचं राहिलं, ही थाप नंतर डुकरं मारतात. म्हणजे डुकरांवर बहिष्कार घालणारा हा मुलगा त्याच डुकरांच्या थापेला फसलाय. हा पदर टिपेत लिहिला तर वाचक ‘बरं’ म्हणून पान उलटेल. स्वतःला सापडला तर आठवडाभर मित्रांना सांगत फिरेल. शिक्षिकाबाईंनी सांगितलेली न्याहारीची माहिती मात्र वेगळ्या जातीची. ती सांगितल्याने विनोद फुटत नाही, विनोदाची जमीन तयार होते.

तेव्हा माझा नियम सरळ आहे. वस्तू, नाणं, खाणं, नातं, पदवी यांची टीप चालेल. कोण कुणाला फसवतंय, कोण खोटं बोलतंय, कुणाला काय कळलेलं नाही, याची टीप कधीही नको.

टीप कुठे द्यायची हेही महत्त्वाचं. वाक्यातल्या शब्दावर आकडा टाकला की डोळा पानाच्या तळाशी जातो आणि परत येईपर्यंत हसण्याची जागा निघून गेलेली असते. प्रकरणाच्या आधी पाच-सहा ओळींत शब्द द्यावेत किंवा पुस्तकाच्या शेवटी. आणि प्रत्येक अनोळखी नावाला टीप लागते असंही नाही. एड्रियनची आई जर्मेन ग्रीअरचं 1970 सालचं स्त्रीवादी पुस्तक वाचते आणि घरात तिचा पवित्रा बदलतो. ग्रीअर कोण हे माहीत नसलं तरी आईने एक पुस्तक वाचलं आणि बापलेकांची पंचाईत झाली, एवढं कुणालाही कळतं.

एक पालक

टिपा द्याव्यात की नाही यावर मोठ्यांनी भांडायच्या आधी मुलं स्वतः काय उचलतात ते बघा. जेफ किनीची ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’ मालिका 2007 पासून चालू आहे. एकेक भाग दोनशेहून थोड्या जास्त पानांचा, हातानं लिहिल्यासारखी मोठी अक्षरं, निम्मी जागा चित्रांना. दोन-तीन तासांत संपतो. टीप नाही, क्रम नाही, मुलं मागून मागून वाचतात. मग चिमणरावाचा अट्टहास कशाला?

आणि काळजीची गोष्ट वेगळीच आहे. त्यातला ग्रेग आळशी, आपमतलबी, जिवलग मित्राला सरळ वापरून घेणारा. मुलं त्याच्यासारखंच वागायला बघतात. एड्रियन मोलमध्ये तर आईबापाचं मोडणं, शरीराविषयीचे उल्लेख, सगळंच आहे. बाराव्या वर्षी हे हातात द्यायचं का?

शालेय ग्रंथपाल

बाराव्या वर्षी एड्रियन मोल नकोच. म्हणून तर नववी म्हटलं. पुस्तकाचा नायक पावणेचौदाचा असला तरी ते लिहिलंय त्याच्यापेक्षा थोडं पुढे गेलेल्या वाचकासाठी.

ग्रेगबद्दल मात्र असहमत. ग्रेगचे शब्द एक सांगतात आणि शेजारचं चित्र दुसरंच दाखवतं, त्या फटीत विनोद आहे. मजकुरात तो स्वतःला शहाणा म्हणवतो, चित्रात त्याची फजिती. दहा-अकरा वर्षांचं मूल पुष्कळदा फक्त मजकूर घाईने वाचतं आणि ग्रेगला खराखुरा नायक मानतं. तिथे उपदेश करू नये. मुलाला एवढंच विचारावं: हीच घटना त्याचा मित्र राउली त्याच्या डायरीत कशी लिहील? पाच ओळी लिहायला सांगा. ग्रेग कसा आहे ते मूल स्वतःच लिहून मोकळं होतं. ही शिकवण टिपेत मावत नाही.

आणि चिमणरावाचा अट्टहास याच कारणासाठी. चिमणराव धोंडोपंत जोग हा मराठीतला त्याच जातीचा निवेदक. भित्रा, शब्दांत शूर, आपण किती धोरणी हे सांगता सांगता स्वतःचंच हसं करून घेणारा. ग्रेग वाचलेल्या मुलाला ही ओळख पटकन पटते. शिवाय त्या सुट्या गोष्टी आहेत, त्यामुळे एका तासिकेत एक संपवता येते. सबंध कादंबरीचं दडपण नाही.

मराठीची शिक्षिका

चिमणरावाच्या गोष्टी आठवीत देताना आणखी एक अडचण आहे, ती कुणी काढली नाही. बायका, सासुरवाडी, लग्नाची मुलगी यांच्यावरचे त्या काळातले विनोद आज जसेच्या तसे मुलींच्या वर्गात वाचले तर त्या हसत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. इथे ‘काही सांगू नका’ हे धोरण अन्यायाचं होतं. काही गोष्टींत हसं चिमणरावाचंच होतं, त्याची बायको काऊ त्याच्यापेक्षा व्यवहाराने शहाणी ठरते. काही गोष्टींत तसं होत नाही. निवड करताना मी हीच कसोटी लावते: शेवटी फजिती कुणाची झाली? निवेदकाची झाली तर गोष्ट ठेवायची. जी बोलूच शकत नाही तिची झाली तर बाजूला ठेवायची. संक्षेप करून मधलीच वाक्यं कापणं मात्र वाईट, कारण या लेखनात विनोद उभारणीत असतो. दोन परिच्छेद गाळले की तिसऱ्यातला स्फोट फुसका निघतो.

अभिवाचन करणारा

टीप की टीप नाही हा वाद अर्ध्यावर येतो तो गोष्ट मोठ्याने वाचली की. कोरड्या पानावर अडणारा शब्द आवाजात अडत नाही, कारण स्वर अर्थ सांगून जातो. आणि जुने अनुस्वार ऐकू येतच नाहीत, त्यामुळे बाईंची निम्मी अडचण तिथेच मिटते.

पण हे वाचन बिघडतं कसं तेही सांगायला हवं. पहिली चूक म्हणजे वाचणारा आधी हसतो. चिमणराव स्वतःवर कधी हसत नाही, तो गंभीरपणे तक्रार मांडत असतो, तेव्हा आवाजही तक्रारीचाच हवा. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक पात्राला वेगळा आवाज. गुंड्याभाऊला थोडा भारदस्तपणा पुरे, नाहीतर मुलं नकलेला हसतात आणि वाक्य हुकतं. तिसरी घाई. मराठी गद्य मिनिटाला 120 ते 130 शब्दांच्या पुढे नेऊ नये, आणि हशाच्या जागेनंतर दोन सेकंद गप्प राहावं. मागच्या बाकांवर अर्थ थोडा उशिरा पोहोचतो. चौथी आणि सगळ्यांत घातक म्हणजे थांबून ‘कळलं का?’ विचारणं. ज्याला कळलं नाही तो शरमतो, ज्याला कळलं त्याचा रंग जातो.

तासिका 40 मिनिटांची धरली तर 15 मिनिटं वाचन, म्हणजे साधारण 1800 शब्द. फजिती सुरू होईल तिथे पुस्तक मिटायचं. पुढचं मुलांनी स्वतः वाचायचं. त्यासाठी एका वर्गात किमान सात-आठ प्रती लागतात. एकच प्रत असेल तर उत्सुकता आठवड्याभरात विरते.

अनुवादक

प्रतींचा प्रश्न चिं. वि. जोशींच्या बाबतीत सुटण्यासारखा आहे. ते 1963 साली गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन 1 जानेवारी 2024 पासून मुक्त झालं. शाळेने एक गोष्ट आजच्या शुद्धलेखनात टंकून, मोठ्या अक्षरात, तीस प्रती काढल्या तरी परवानगी लागत नाही. फक्त जुना मजकूर घ्यावा. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, चित्रं, दूरदर्शनवरच्या मालिकेची संहिता हे सगळं वेगळं, त्यांचे हक्क ज्याचे त्याच्याकडे.

टंकताना अनुस्वार काढा, शब्द बदलू नका. ‘चार आणे’चे ‘पंचवीस पैसे’ केले की वाक्य मेलंच.

मराठीची शिक्षिका

शब्द बदलू नयेत हे मान्य. पण प्रत आपणच काढणार असलो तर पहिल्या पानावर सहा ओळींची चौकट टाकायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. नाण्यांची ओळ अशी लिहावी: ‘एका रुपयाचे सोळा आणे. चिमणराव पगारदार कारकून, आण्याचा खर्चही त्याला घरात समजावून सांगावा लागतो.’ आजच्या रुपयांत हिशोब करून देऊ नये, कारण मुलं मग त्या आकड्यावरच वाद घालत बसतात. पगाराशी नातं कळलं की पुरे.

शालेय ग्रंथपाल

चौकट चालेल, पण वाचनाआधी वाचून दाखवायची नाही आणि तिच्यावर प्रश्न विचारायचे नाहीत. ज्याला लागेल तो मागे वळून पाहील. आणि एड्रियन मोलला अशी चौकट मी अजूनही देणार नाही. तिथे न्याहारीपेक्षा स्वयंपाकघरातली ती कॉफी जास्त महत्त्वाची आहे.

मराठीची शिक्षिका

तिथेच आपलं जमत नाही. कॉफीला टीप नको, हे मीही म्हणते. बेकनला हवी.